आम्ही वाळवी पाळतो!

कोणी कुत्रे पाळतो, कोणी पोपट पाळतो, आमच्या वसईकडच्या वाड्यांतून कोंबड्या तर घरोघरी असतात. आम्ही वाळवी पाळली आहे. हे ऐकणारा पाहुणा प्रथम हसतो, मग आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहतो नि मग हळूच आपली पिशवी जमिनीवरून उचलून मांडीवर घेतो. त्याचा दोष नाही. मीही त्याच्या जागी असतो तर हेच केले असते. कारण वाळवीचे नि माझे वैर जुने आहे आणि ते साधेसुधे नाही.

आमचे वडील, अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वसईच्या पट्ट्यातली वाडवळी नि सामवेदी बोली त्यांना जिवापाड प्रिय. आठवडाभर शाळा आणि रविवारी वाड्यावाड्यांतून हिंडून म्हाताऱ्या माणसांकडून शब्द, म्हणी, लग्नातली गाणी उतरून घ्यायची, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. अशा सात जाड वह्या त्यांनी भरल्या. ते गेल्यावर त्या एका लाकडी पेटीत ठेवल्या गेल्या. मी मराठीचा अध्यापक. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून नीट प्रत करू’ असे म्हणत दहा-बारा सुट्ट्या मी घालवल्या. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात पेटी उघडली. वह्या जागच्या जागी होत्या, पुठ्ठे शाबूत होते. वरची वही उचलली तर हाताला वजनच लागेना. आत कागदाऐवजी ओलसर मातीचे बोगदे! सातांपैकी तीन वह्या अशा गेल्या. आई दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

दुसऱ्याच दिवशी मी कीटकनाशक फवारणाऱ्या माणसाला बोलावले. त्याने घरभर ठोकून पाहिले, मागच्या दाराची चौकट पोकळ झाल्याचे दाखवले, नि वाडीच्या टोकाला आंब्याखाली असलेल्या पुरुषभर उंचीच्या वारुळाकडे बोट करून म्हणाला, “साहेब, मूळ तिथं आहे. त्यात औषध ओतू, विषय संपला.” मी होकार देणार, तोच आई म्हणाली, “घरात काय हवं ते कर. वारुळात काही ओतायचं नाही.” त्या वारुळाला ती लग्न होऊन आल्यापासून नागपंचमीला हळदकुंकू वाहत आली आहे. आईपुढे माझे एम. ए. चालत नाही. घराच्या पायाभोवती औषध घातले, चौकट बदलली, उरलेल्या चार वह्या पोलादी कपाटात गेल्या, वारूळ राहिले.

यात चिरंजीवांचा प्रवेश पुढे झाला. ते तेव्हा पाचवीत होते. त्यांनी कुठल्याशा चित्रपटात अमेरिकेतल्या पाने कापणाऱ्या मुंग्या पाहिल्या: हिरव्या पानांचे तुकडे छत्रीसारखे डोक्यावर धरून चाललेली मिरवणूक. “बाबा, आपण त्या पाळू या!” असा धोशा सुरू झाला. मुलाचे मन मोडू नये म्हणून मी आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकमित्रांना विचारले. त्यांनी पहिल्याच वाक्यात निकाल दिला: या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात, आणि परवान्याशिवाय जिवंत कीटक आपल्या देशात आणता येत नाहीत. पण मग ते रंगात आले नि त्यांनी जी हकीकत सांगितली, ती ऐकून मुलापेक्षा मीच गुंतलो.

पूर्वी लोकांना वाटे, या मुंग्या पाने खात असतील, नाहीतर त्यांनी घराला छप्पर घालत असतील. टॉमस बेल्ट नावाचा एक इंग्रज निकाराग्वामधल्या सोन्याच्या खाणीवर नोकरीला होता. त्याने त्यांची बिळे उकरून पाहिली आणि 1874 च्या आपल्या ग्रंथात लिहिले की, पाने हे अन्न नव्हे, ते खत आहे. त्यावर या मुंग्या बुरशी पिकवतात नि ती खातात. पुढे आल्फ्रेड मोलर याने ब्राझीलमध्ये 1893 साली ते सविस्तर दाखवून दिले. तरी एक कोडे उरलेच: नवी राणी उडून दूर जाते, एकटी जमिनीत शिरते, मग तिच्याकडे बियाणे येते कुठून? 1898 साली फॉन इहेरिंग याला उत्तर सापडले. तोंडातल्या एका लहानशा पिशवीत राणी माहेरच्या बागेतला बुरशीचा कण घेऊन निघते! आपल्याकडे सासरी जाणारी मुलगी विरजण नेते म्हणतात, त्यातला प्रकार.

“पण तुम्ही अमेरिकेला कशाला जाता?” प्राध्यापक म्हणाले. “तुमच्या आंब्याखाली तीच शेती आहे.”

इथे माझा एक गैरसमज दूर झाला. आपण वारूळ मुंग्यांचे म्हणतो. ते बांधते वाळवी. मुंग्या नि नाग नंतर येतात. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपणच केली नि श्रेय मात्र मुंग्यांना देऊन बसलो! इंग्रजांनी तर वाळवीला ‘पांढरी मुंगी’च करून टाकले. वास्तविक वाळवी ही मुंगी नव्हेच. तिचे जवळचे नाते झुरळाशी. 2007 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी तिला रीतसर झुरळांच्याच कुळात घातले. ही माहिती मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली, त्यावर आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, “म्हणजे झुरळं पाळायची आहेत म्हणा की!”

वारूळ बांधणारी आपली वाळवी लाकूड, वाळका पाला, झाडाची मेलेली साल कुरतडून आणते खरी, पण ते तिला नीट पचत नाही. ते ती एकदा पोटातून काढते आणि त्या बारीक गोळ्यांचा एक गड्डा रचते. त्यावर बुरशी वाढते, लाकडातला चिवट भाग मऊ करते, आणि मग तोच गड्डा खालच्या, जुन्या बाजूने वाळवी खात जाते. वरून पेरणी, खालून कापणी! अशी शेती वाळवीने आफ्रिकेत सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी सुरू केली असे मानतात. मुंग्यांची त्याहूनही जुनी, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षे झाली नि आपण स्वतःला बळीराजा म्हणवून घेतो. या बागा शास्त्रीय लेखनात आल्या त्याही आपल्याच देशातून: तंजावरजवळच्या तरंगबाडीला राहिलेल्या योहान केनिग नावाच्या वैद्याने 1779 साली त्यांचे वर्णन केले आहे. बुरशीचे ‘टर्मिटोमायसीस’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे, फ्रेंच संशोधक रॉजे एम याने 1942 साली दिलेले.

ही बाग आम्हांला प्रत्यक्ष दिसली ती शेजारच्या जमिनीमुळे. तिथे इमारत उठायची होती. (आमच्याकडे आता केळीपेक्षा इमारती लवकर वाढतात.) पाया खणताना यंत्राने एक वारूळ फोडले. चिरंजीव डबा घेऊन धावले. अक्रोडाच्या गरासारख्या घड्या असलेला, राखी-तपकिरी रंगाचा, हलका स्पंजासारखा गोळा, नि त्यावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढे शुभ्र ठिपके. ते ठिपके म्हणजे पीक. आम्ही तो काचेच्या भांड्यात झाकून ठेवला, वाळवीवाचून, नुसती बाग. आठवड्याभरात पांढरे ठिपके दिसेनासे झाले आणि गोळ्यातून काळपट शिंगे वर आली. प्राध्यापक म्हणाले, हे तण. ही दुसरी बुरशी बागेत नेहमीच दबा धरून असते. वाळवी अष्टौप्रहर खुरपणी करते म्हणून ती डोके वर काढत नाही. शेतकरी गेला की आठ दिवसांत रान माजते.

मग ठरले, वसाहत अगदी मुळापासून उभी करायची. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यावर पंखांचे किडे झेपावतात, आपण घाईने दिवे मालवतो नि सकाळी पंख केरसुणीने लोटतो. ते हेच, वाळवीचे राजपुत्र नि राजकन्या. मुंगीला मरणकाळी पंख फुटतात म्हणतात. वाळवीच्या बाबतीत ही म्हण बव्हंशी खरी आहे. कारण पाली, बेडूक, कावळे यांच्या तावडीतून वाचणारे फार थोडे. वाचतात ते पंख टाकून देतात आणि जोडीजोडीने जमिनीवर धावू लागतात. वधू पुढे नि वर तिच्या पाठीला चिकटून मागे. मुंग्यांमध्ये नर लग्नानंतर लगेच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीजवळ जन्मभर राहतो. हे सौ.ना फार आवडले. वाळवीविषयी त्यांनी काढलेला पहिला बरा शब्द तो.

अशा चार जोड्या आम्ही लोणच्याच्या चार काचेच्या बरण्यांत सोडल्या. माती चाळून घेतली, आणि बुरा येऊ नये म्हणून कढईत चांगली भाजून घेतली. (त्या कढईवरून घरात जे झाले ते येथे नको.) बरण्या पाण्याच्या परातीत ठेवल्या, पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत तशा. अण्णांच्या वह्यांपासून दोन खोल्या दूर. एका काचेलगत सुपारीएवढी कोठी झाली, तीत राजाराणी दिसत. अंडी झाली, श्रावण सरता सरता दुधासारखी पांढरी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कामकरी वाळवी हिंडू लागली. आम्ही वाळके गवत, कुजके लाकूड दिले. त्यांनी ते कुरतडले, बोगदे केले. आणि मग एकेक मरू लागली. दिवाळीच्या आधी चारही बरण्या शांत झाल्या. चिरंजीव दोन दिवस धड जेवले नाहीत.

चूक कढईत झाली होती. अमेरिकेतली राणी मुंगी बियाणे तोंडात घेऊन निघते. आपल्या वारुळातली ही वाळवी रिकाम्या हाताने निघते. तिची पहिली लेकरे बाहेर पडून मातीतून, पाल्यावरून बुरशीचे बीज गोळा करून आणतात. आम्ही तर माती भाजून बीज जाळून टाकले होते! पोरे बिचारी अन्न आणीत होती. ते शिजवणारे घरात कोणी नव्हते.

बीज येते कुठून, याचे उत्तर आम्हांला बाजारात मिळाले. श्रावणाच्या आसपास वारुळांवर अळंबी उगवतात. डोंगराकडून येणाऱ्या वारली बाया सागाच्या पानांत बांधून त्या विकायला आणतात, नि दर ऐकून गिऱ्हाईक दचकते. या अळंबी म्हणजे वारुळातल्या त्याच बुरशीची फुले. माणसाला आजवर त्यांची व्यापारी लागवड साधलेली नाही. ते फक्त वाळवीलाच येते. गोव्यात यांना ‘रोण अळमी’ म्हणतात. रोण म्हणजे वारूळ. तिथे वारुळालाच सातेरी देवी म्हणून पुजतात, आणि गोवा विद्यापीठात अध्यापन केलेले नंदकुमार कामत यांनी या अळम्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. आमच्या ओळखीच्या अळंबीवालीला मी जागा विचारली तर ती हसली. “जागा कोन सांगल? पन वारूळ मोडायचा नाय बाबा. मोडला का पुढल्या साली काय खाशील?” नेमका हाच हंगाम, जेव्हा नव्या घरांतली पहिली लेकरे बाहेर पडतात. वर अळंबी बीज उधळते, खाली ते वेचणारे तयार होतात. वेळ इतकी जमलेली, की मुहूर्त काढल्यासारखी!

(एक सांगून ठेवतो: रानातली अळंबी स्वतः ओळखून खाण्याचे धाडस कोणी करू नये. विषारी जाती दिसायला तितक्याच साजऱ्या असतात.)

यंदा जूनमध्ये पुन्हा पाच जोड्या धरल्या. माती वारुळाजवळचीच घेतली, न भाजता. श्रावणात कामकरी वाळवी दिसू लागताच आंब्याखालच्या वारुळावरची दोन अळंबी आईने स्वतः काढून दिली, पाया पडून. त्यांच्या छत्र्या रात्रभर कागदावर पालथ्या ठेवल्या; सकाळी कागदावर फिकट गुलाबी भुकटीची नक्षी उमटली होती. ती कुजक्या लाकडाच्या भुशात मिसळून बरण्यांत टाकली. दोन बरण्या त्याआधीच गेल्या होत्या, पुढे आणखी दोन गेल्या. पाचवीत घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी बॅटरीच्या उजेडात कोठीच्या तळाशी हरभऱ्याएवढा राखी गोळा पाहिला. ते जे ओरडले, ते ऐकून शेजारचे धावत आले. भिंगातून पाहिले: गोळ्यावर तीन पांढरे ठिपके.

हे टिकेल याचा भरवसा प्राध्यापकही देत नाहीत. वारुळाला पुरुषभर उंच व्हायला वर्षानुवर्षे लागतात, आणि बरणीत ते कधीच होणार नाही. वसाहत बरणीला भारी झाली तर आंब्याखाली नेऊन सोडायची, असे चिरंजीवांनी आईला वचन दिले आहे. मला वाळवीची माया आली आहे असेही कोणी समजू नये. अण्णांच्या तीन वह्या तिनेच खाल्ल्या, आणि दहा-बारा सुट्ट्या मी.

संध्याकाळी चिरंजीव बरणीपुढे बॅटरी घेऊन बसतात नि वहीत नोंद करतात. त्याच खोलीत आईने बाजेवर बसून बोलायला सुरुवात केली आहे. अण्णांनी उतरून घेतलेली पुष्कळ गाणी मुळात तिच्याच माहेरची होती, हे मला इतक्या वर्षांनी कळले. ती सांगते, मी लिहितो. आजवर चौदा गाणी झाली. हळदीच्या एका गाण्याचे दुसरे कडवे तिला आठवत नाही, त्यासाठी भाऊबीजेला मामाकडे जायचे आहे.

फराळाला येणाऱ्या मंडळींना एकच विनंती. परातीतली बरणी चिवड्याची नव्हे. तिचे झाकण उघडू नये.