जादा हवंच, पण वेगळ्या वाटेनं

कुडाळच्या बाजारात मासेवालीच्या पाटीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो. बर्फाचं पाणी ओघळलेलं, एखादा खवला चिकटलेला, कडेला चीर. तरी फोन धरला की पैसे जातात. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीनं मोटारींच्या सुट्या भागांसाठी हा कोड बनवला. कारखान्यात डाग पडणारच, म्हणून मूळ माहितीवरून गणितानं काढलेली जादा माहितीही त्यातच भरतात. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही युक्ती. सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. फक्त तीन कोपऱ्यांतले चौकोन जपायचे. ते गेले तर कोड आहे कुठे, हेच फोनला उमगत नाही.

या जादा भरतीला रिडंडन्सी म्हणतात. ब्रिटनमध्ये 'आता तुमची गरज नाही' म्हणून कामगाराला घरी बसवतात, त्यालाही हाच शब्द! अभियंत्यांना मात्र ती हवीहवीशी. भाषेतही ती असते. 'काळी गाय गोठ्यात शिरली' यात गायीचं लिंग विशेषण सांगतं, क्रियापदही सांगतं. पावसात आवाज तुटून फोनवर एखादं अक्षर गळलं तरी पलीकडच्याला अर्थ लागतो.

कोकण रेल्वेत हीच जादा सोय तोकडी पडते. रोहा-वीर हा तुकडा सोडला तर मार्ग एकेरी. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि वाहतूक ठप्प झाली. काही लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे-मिरजेकडून वळवल्या. त्या गाड्यांना पर्याय होता. मुंबईला निघालेल्या कुडाळकरांना मात्र रेल्वेचा जवळचा दुसरा रस्ता नव्हता.

दुहेरीकरण व्हावं, पण त्याच डोंगराला खेटून टाकलेला दुसरा रूळ त्याच दरडीखाली सापडू शकतो. जादा सोय एकाच कारणानं मूळ सोयीसोबत बंद पडत असेल, तर तिचा उपयोग काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा रस्त्याचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत माणसंही गेली. पूर एकच, पण शेजारचा नवा पूल टिकला. जुना दगडी होता, नवा काँक्रीटचा.

त्याच वर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पात वैभववाडी-कोल्हापूर मार्गाची घोषणा झाली होती. खेडकडे रूळ बंद पडला तर कुडाळची गाडी वैभववाडीहून घाट चढून कोल्हापूर, मिरज, पुणे अशी मुंबई गाठू शकेल. हा मार्ग अजून कागदावरच आहे. सिंधुदुर्गानं दुहेरीकरणाइतकाच जोर त्याच्यासाठीही लावावा.