सरपंचांनी नेमकं काय करायचं?

हवामानबदल आपल्या शाळांत शिरतो तो बहुधा वक्तृत्व स्पर्धेच्या दारातून. पाठ केलेलं भाषण, टाळ्या, प्रमाणपत्र. मुलं त्यातून धीट होतात, हे खरं. वाद घालायला मात्र शिकत नाहीत, कारण त्यासाठी हाताशी स्वतः जमवलेली माहिती लागते आणि समोर निर्णय घेणारा माणूस लागतो. लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या बाई या दोन्हींची सोय करतात.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ही मुलं शाळेतही जात नव्हती. तरी ती गाडी त्यांच्या बोलण्यात येतेच.

मैदानात झाडांपासून लांब त्यांचं पर्जन्यमापक आहे. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली कापून वरचा तुकडा नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला. बुडाशी खाचा असतात, म्हणून तिथवर पाणी भरून त्यावर शून्याची खूण केली आहे. नोंद सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याची वेळही तीच. शनिवारी विहीर मोजायची. कठड्याजवळ बाई एका वेळी एकालाच सोडतात. दगड बांधलेल्या दोरीला मीटरमीटरवर गाठी. दगड पाण्यात गेला की हाताला ओढ हलकी लागते, मुलगी "टेकला!" म्हणून ओरडते आणि दुसरी गाठी मोजते.

मी गेलो त्या सकाळी बाटलीत 22 मिलिमीटर पाऊस होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हे मुलांना तोंडपाठ. शाळेचं छत 200 चौरस मीटर. गुणाकार झाला, 4,400 लिटर.

"कुठं गेलं एवढं पाणी?" बाईंनी विचारलं.

"रस्त्यावर, बाई."

दुपारी वादविवाद. विषय, गावात नव्या बोअरला परवानगी द्यावी की नाही. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरतात. घरी ऊस असलेल्या मुलाच्या वाट्याला विरोधाची बाजू आली. तो उठला आणि म्हणाला, "2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरची मर्यादा आहे. आमचा बोअर सहाशे फूट आहे." वर्ग गप्प. मग पलीकडून एक मुलगी कडाडली, "बोअर नाही, तर कर्ज कशावर फेडायचं?" बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. "यंदा पाऊस लांबला, हाच हवामानबदल," असं एकजण म्हणाला, तेव्हा मात्र त्यांनी तिथंच थांबवलं. एका वर्षावरून तसं ठरत नाही, निदान तीस वर्षांच्या नोंदी लागतात. मला हे थांबवणं फार मोलाचं वाटलं. मुलांचं म्हणणं मोठ्यांनी ऐकावं असं वाटत असेल, तर ते आधी खोडून काढता येणार नाही असं हवं.

खरी मेहनत होते ती ग्रामसभेत द्यायच्या अर्जावर. पहिल्या मसुद्यात 'वसुंधरा वाचवा' होतं. बाईंनी ते काढायला लावलं. "सरपंचांनी नेमकं काय करायचं, ते लिहा." उत्तराखंडच्या रिधिमा पांडेची गोष्ट त्यांनी इथंच सांगितली. नऊ वर्षांच्या त्या मुलीने 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात सरकारविरुद्ध याचिका केली. याचिकेला यश आलं नाही, पण देशाने कार्बनचा हिशेब मांडावा, ही मागणी त्यात स्पष्ट लिहिलेली होती. मुलांचा अर्ज मग बदलत गेला. छताला पन्हळ, 5,000 लिटरची टाकी, तिची जागा, आणि पैसा पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, कारण त्यातला काही भाग पाण्याच्या कामांसाठीच होता.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एका मुलीने तो वाचला. ग्रामसेवकांनी विचारलं, "टाकी भरल्यावर वरचं पाणी कुठं सोडणार?"

"हापशाजवळ शोषखड्डा घ्या, सर. वरचं पाणी त्यात."

पन्हळ आणि टाकीचा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला. बोअरचा विषयही निघाला, तो सरपंचांनी पुढच्या सभेवर टाकला. ती 2 ऑक्टोबरला आहे. तोवर आकडे पक्के हवेत, म्हणून मुलं आता विहीर आठवड्यातून दोनदा मोजतात.