पदवीनंतरची उमेदवारी

आपल्या घरातील मुलगी अभियंता झाली, तरी यंत्राच्या आवाजावरून त्यातील बिघाड ओळखणे तिला पुस्तकांतून साधत नाही. ते कारखान्यातच शिकावे लागते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली पदवीधर अभियंत्यांचा आणि २०१४ साली इतर शाखांच्या पदवीधरांचा समावेश झाला, तो याचसाठी. उमेदवाराला विद्यावेतनासह अनुभव मिळतो; मालकाला नेमणुकीपूर्वीच माणसाची पारख करता येते. मात्र उमेदवारी ही नोकरीची हमी नव्हे आणि उमेदवार हा स्वस्तातला मजूरही नव्हे. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी मुलीने अवश्य विचारावे, "मला काय शिकविले जाईल आणि कोण शिकवील?" उत्तर स्पष्ट मिळाले, तर उमेदवारीचा काळ दोघांच्याही सत्कारणी लागेल.