सगळे तुम्हालाच शोधतायत, मग विपुल जीवन कधी?

कोणी लोकलमध्ये ऐकत असाल, कोणी भांडी घासता घासता. असू दे, चालू ठेवा.

योहान 10:10 आपल्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे. मेंढरांना जीवन मिळावं, आणि तेही विपुलपणे, म्हणून आपण आलो, असं येशू तिथे सांगतो. 'विपुल'साठी मूळ ग्रीक शब्द आहे 'पेरिस्सॉन', म्हणजे पुरून उरेल इतकं. आता खरं सांगा, रात्री फोन चार्जिंगला लावताना तुमच्यात काही उरलेलं असतं का?

त्याच अध्यायात दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात. आवाज ओळखीचा कसा होतो? रोज ऐकून. आईचा फोन नुसत्या 'हॅलो'वरून कळतो ना, तसा.

आता मार्कचा पहिला अध्याय बघा. कफर्णहूम, शब्बाथाचा दिवस. सकाळी सभास्थानात शिकवणं, तिथेच एका भूतग्रस्ताला मोकळं करणं, मग शिमोनाच्या घरी त्याच्या सासूचा ताप. सूर्य मावळला, शब्बाथ संपला, आता आजाऱ्यांना उचलून आणायला हरकत नाही. झालं, अख्खं गाव दाराशी! इतक्या धावपळीच्या दिवसानंतर येशू पहाटे, अजून अंधार असतानाच उठतो आणि एकांतात जाऊन प्रार्थना करतो.

इथपर्यंतचा संदेश आपण खूपदा ऐकलाय. मला अडवतं ते पुढचं. शिमोन आणि सोबती त्याला शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुला शोधतायत. आजच्या भाषेत, साठ मिस्ड कॉल. आणि येशू परत जात नाही! आपण आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही संदेश द्यायचाय, असं म्हणतो. त्याला शोधणारे लोक काही रील्स बघायला बोलावत नव्हते. त्यांची गरज खरी होती. तरीही त्या दिवशी कुठे जायचं, हे गर्दीने ठरवलं नाही.

तुम्ही म्हणाल, तो येशू होता, मला बॉस आहे, घरी आजारी आजी आहे. बरोबर आहे. त्यांना सोडून जा असं मी म्हणतच नाही. जबाबदारी कमी झाली की मग विपुल जीवन, असं हे गणित नाहीच. पंडिता रमाबाईंचं बघा. 1896-97 च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला, केडगावचं मुक्ती मिशन सांभाळलं. ते सांभाळता सांभाळताच हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हे काम चालू होतं. रिकामा वेळ मिळेपर्यंत थांबल्या असत्या, तर एक पान झालं नसतं.

म्हणून उद्यासाठी एवढंच: अलार्मसाठी साधं घड्याळ वापरा आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. एकाच खोलीत राहत असाल तर पिशवीत घालून खुंटीला लावा, चालतंय. उठल्यावर मेसेज बघायच्या आधी मार्क 1:21 ते 39 वाचा, जमलं तर मोठ्याने. चारेक मिनिटं लागतील. मग 'आज कोणाला थांबायला सांगू?' हे प्रभूला नाव घेऊन विचारा, आणि त्या माणसाला दुपारपर्यंत तसं कळवून टाका.