दुखऱ्या गुडघ्याला विजेची साथ

गुडघ्याचे ऑपरेशन झाले की मांडीचा स्नायू लवकरच रोडावतो. रुग्णाने मनात आणले तरी तो नीट आवळला जात नाही. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट त्वचेवर पॅड चिकटवून सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. स्नायू आपोआप आवळतो, सैल होतो आणि ताकद परत येण्यास मदत होते.

‘टेन्स’ हे यंत्र मात्र वेगळे. ते मज्जातंतूंना चेतवून वेदनेची जाणीव कमी करते. हा आराम तात्पुरता असतो. दुखण्याचे मूळ शोधावेच लागते.

म्हणूनच शेजाऱ्यांचे यंत्र मागून आणून परस्पर लावू नका. पेसमेकर असल्यास किंवा गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड कधीच लावू नये. आणि यंत्र लावले म्हणून सांगितलेला व्यायाम सोडू नका.