न बोलणारे रोगी

सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना सोडल्यावर थोड्याच वेळात चलथाणचे स्थानक लागते. पलसाणा तालुक्यातील हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली, की धुळे, नंदुरबार, डांग या भागांतून मजुरांची कुटुंबे कोयते घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात उतरतात. काहींबरोबर बैलगाड्याही असतात. दुसरीकडे, याच मुलखातील गावोगावचे दूध १९५१ साली स्थापन झालेल्या 'सुमुल' या सुरत जिल्हा दूध संघाकडे जाते. शेत, कारखाना आणि गोठा यांच्या सांध्यावर वसलेल्या अशा गावी जनावरांचा लहानसा दवाखाना चालविणे म्हणजे काय, हे जाणून घेण्यासारखे आहे.

अशा दवाखान्याची सामग्री थोडकीच असते. अंगणात जनावर अडकवून उभे करण्याचा लोखंडी खोडा, आत औषधांचे कपाट, नोंदवही आणि लसींसाठी शीतकपाट. लाळ-खुरकताची लस दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावी लागते. ती तापली तर बिघडते, तशी गोठली तरीही निकामी होते. म्हणून वीज गेली, की डॉक्टरांचे लक्ष प्रथम तिकडे जाते.

येथील रोगी आपले दुखणे सांगत नाही. ते त्याच्या रवंथावरून, शेणावरून आणि कानाच्या स्पर्शावरून ओळखावे लागते. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली असता निरोगी जनावराच्या पोटाची हालचाल मिनिटास एक-दोन वेळा हाताला जाणवते. ती थांबली असेल, तर मालकाने 'काल काय खाल्ले?' या प्रश्नाचे खरे उत्तर देणे फार अगत्याचे ठरते.

रात्रीचे बोलावणे बहुधा नुकत्याच व्यालेल्या म्हशीसाठी येते. ती बसलेली असते, मान कुशीकडे वळवलेली, कान थंडगार. याला दुग्धज्वर म्हणतात. परंतु नाव ज्वराचे असले तरी यात अंग तापत नाही. दुधावाटे रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरल्याने हा प्रकार होतो. मानेच्या शिरेतून कॅल्शियमचे औषध अगदी सावकाश, हृदयाच्या ठोक्यांकडे कान ठेवून सोडावे लागते; घाई केल्यास हृदयच थांबण्याचे भय असते. औषध लागू पडले, की पुष्कळदा तासाभरात म्हैस उठून उभी राहते. ऊसपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. हंगामात स्वस्त मिळणाऱ्या उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट असते, व ते अन्नातील कॅल्शियम अंगी लागू देत नाही. म्हणून नुसत्या वाढ्यांवर गुरे न ठेवता इतर वैरण आणि क्षारमिश्रण द्यावे, हा सल्ला डॉक्टरांना पुनःपुन्हा द्यावा लागतो.

कासदाहाच्या औषधाबरोबर कटू सूचनाही द्यावी लागते. प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो. ठरावीक दिवस ते दूध डेअरीत घालता येत नाही. तेवढ्या दिवसांची मिळकत बुडते, आणि घालणाऱ्यावर पाळत ठेवायला कोणी नसते. येथे डॉक्टरांच्या हाती समजुतीच्या शब्दापलीकडे काही नसते.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र बैलाच्या खांद्याचा. खडबडीत जू, कमी-अधिक उंचीची जोडी आणि पुढे झुकलेला उसाचा भार यांमुळे खांदा सुजतो, पुढे जखम होते. उपाय साधा आहे : जखम धुऊन मलमपट्टी करणे, सुजेवर औषध देणे आणि बैलाला जुवापासून मोकळा ठेवणे. यांतील पहिले दोन डॉक्टर करू शकतात. तिसरा गाडीवानाच्या हाती आहे. परंतु त्याने हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते. गाडी थांबली, तर मजुरी थांबते आणि उचल तशीच अंगावर राहते. जखमी जनावरास कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तरीही 'साहेब, दोनच दिवसांत बरा करा' असे काकुळतीने म्हणणाऱ्या गाडीवानास नुसता कायदा सांगून भागत नाही. सूज नुकतीच दिसू लागली असता बैल आणला, तर थोड्या विश्रांतीने काम निभावते. जखम चिघळल्यावर आणला, तर पुढचा सारा हंगाम हातचा जाण्याची भीती असते. हा हिशेब त्याच्या मनावर बिंबविणे, जू तासून गुळगुळीत करावयास लावणे आणि भार मागेपुढे सारखा ठेवण्यास शिकविणे, हे औषधाइतकेच मोठे काम आहे.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. लाळ गळते, गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकले असावे असे समजून मालक जनावराच्या तोंडात हात घालतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जनावराचीही हीच लक्षणे असतात आणि तो हात जिवावर बेततो. अशा वेळी डॉक्टर बैलाआधी माणसाला इस्पितळात धाडतात.

सायंकाळी नोंदवहीत दिवसभराची नावे चढतात. काही नावांपुढे पैसे जमा, काहींपुढे उधार, आणि गाडीवानाच्या बैलापुढे एवढेच : 'आठ दिवस जुंपू नये.' नवव्या दिवशी तो बैल खांदा सुकलेला घेऊन परत आला, तर आठ दिवसांचे पोट त्या कुटुंबाने कसे भरले हेही डॉक्टर विचारून घेतात. दुखण्याची हकिगत त्याशिवाय पुरी होत नाही.