आधी शिजू द्या, मग मुरू द्या

वैशाखात दुपारी चारच्या सुमाराला भूक लागते, पण गॅसपाशी उभं राहायची कुणाचीच तयारी नसते. तळलेलं नको वाटतं, गरम उसळही नको. अशा वेळी लिंबू, तेल, मीठ आणि कांद्यात मुरलेली थंड चवळी फ्रिजमध्ये तयार असली, की वाटीभर काढून घ्यायची आणि खायला बसायचं. कृती अगदी साधी आहे, तरी ती बिघडवायचा एक हमखास मार्ग आहे : आंबट लवकर घालणं. या पदार्थाचं सगळं शास्त्र क्रमात आहे.

चवळी मूळची आफ्रिकेतली. तिथून ती फार प्राचीन काळी भारतात आली. पुढे गुलामांच्या व्यापारातून अटलांटिकपार गेली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रुजली. विसाव्या शतकात टेक्सासमध्ये हेलन कॉर्बिट या नामवंत पाककर्मीने शिजलेली चवळी तेल, व्हिनेगर, कांदा आणि लसणात मुरवून थंडगार वाढली. माशांच्या महागड्या अंड्यांचं नाव चेष्टेने उचलून लोक तिला ‘टेक्सास कॅव्हियर’ म्हणू लागले. तुर्कस्तानात पांढऱ्या घेवड्याचा ‘पियाझ’ही असाच कांदा, तेल आणि आंबटात कालवतात.

शिजणं म्हणजे काय?

कडधान्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, भिंतीतल्या विटा चुन्याने सांधाव्यात तशा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे पेक्टिन आणखी घट्ट बांधून ठेवतात. गरम पाण्यात पेक्टिनचे लांब रेणू तुटतात, विरघळतात. पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ पडतो. पाणी आंबट असेल तर ही तुटण्याची क्रिया मंदावते. आमसूल किंवा चिंच डाळ शिजल्यावरच घालायची, हा घरोघरीचा नियम याच रसायनशास्त्रावर उभा आहे. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, याला त्या पाण्यातलं कॅल्शियम कारणीभूत असतं.

खायच्या सोड्याने उलटं होतं. पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन झपाट्याने विरघळतं. पण दाण्याचा गाळ होतो, चव साबणासारखी लागते आणि ब१ जीवनसत्त्वही नष्ट होतं. त्यापेक्षा मीठ बरं. भिजवतानाच लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ घातलं, तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा काही प्रमाणात घेतं. साल नरम होते आणि शिजताना कमी फाटते. मुरवायच्या चवळीला असा अख्खा, पण आतून मऊ दाणा लागतो. उन्हाळ्यात मात्र चवळी रात्रभर ओट्यावर ठेवली तर पाण्यावर फेस येतो, वास सुटतो. ती फ्रिजमध्ये भिजवावी आणि ते पाणी ओतून देऊन नव्या पाण्यात शिजवावी.

आत काय शिरतं, बाहेर काय राहतं

शिजलेली चवळी निथळून, गरम असतानाच तिला मीठ लावावं. उष्णतेत रेणूंची हालचाल वेगवान असते, त्यामुळे मीठ लवकर आत झिरपतं. वाफ जिरली की लिंबू पिळावं. तेल सगळ्यात शेवटी. तेल दाण्यात शिरत नाही, पृष्ठभागावर पसरतं. पण जिरे, मिरी, लसूण यांचे तेलात विरघळणारे सुगंध तेच धरून ठेवतं.

लाल कांदा चिरून आधी लिंबाच्या रसात टाकला, तर काही मिनिटांत गुलाबी होतो. त्यातली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आंबटात लालसर होतात. कोथिंबिरीची गत उलटी : आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मातकट होतो. म्हणून कोथिंबीर वाढतानाच भुरभुरावी.

फ्रिजमध्ये आणखी एक बदल घडतो. शिजताना फुगलेल्या स्टार्चचे रेणू थंडाव्यात पुन्हा शिस्तीत रचले जातात आणि दाणा किंचित घट्ट होतो. त्यामुळे ही चवळी उसळीपेक्षा थोडी जास्तच शिजवावी. अशा रचलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही; मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तो खाद्य म्हणून मिळतो.

पोटाचं गणित

कडधान्यांनी पोट फुगतं ते रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. भिजवलेलं पाणी ओतून दिल्याने या शर्करांचा काही भाग जातो, मोड आणल्याने त्या आणखी घटतात.

लिंबू शेवटी, न शिजवता पिळण्याचा दुसरा फायदा लोहाचा. कडधान्यातलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही, क जीवनसत्त्वाच्या सोबतीने ते जास्त शोषलं जातं. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं. म्हणजे लिंबू शेवटी पिळण्याने दाणाही मऊ राहतो आणि लोहही पदरात पडतं. सोबत चहा मात्र नको, त्यातले टॅनिन लोहाला अडवतात.

मुरवण म्हणजे लोणचं नव्हे

लिंबाचा रस चांगलाच आम्लधर्मी असला, तरी चवळी जवळपास उदासीन असते आणि रसाची आम्लता बरीचशी शोषून घेते. त्यामुळे लिंबू पिळलं म्हणून पदार्थ टिकाऊ होत नाही. तो फ्रिजमध्येच ठेवावा, तीन-चार दिवसांत संपवावा. कडक उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नये. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर साठवणं तर टाळावंच : हवा न पोहोचणाऱ्या त्या जागेत बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात.

चवळीऐवजी राजमा घेतला तर काळजी आणखी वाढते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होऊ शकतात. अर्धवट गरम केल्याने ते जात नाही. राजमा निदान पाच तास भिजवून, पाणी बदलून किमान अर्धा तास खळखळून उकळावा, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तो कच्चा टाकू नये.

लिंबाऐवजी कैरीचा कीस किंवा कोकमाचं आगळ वापरा, चवळीऐवजी छोले घ्या. क्रम बदलत नाही. आंबट घालण्यापूर्वी एक दाणा चिमटीत दाबून पाहावा. तो लोण्यासारखा दबला नाही, तर कुकर पुन्हा लावावा. कडक दाण्यावर एकदा लिंबू पडलं, की तो दोन दिवस मुरवला तरी मऊ होत नाही.